दुब्रोव्हनिक ते दुब्रोव्हनिक: आम्ही दोघं, भाड्याची गाडी आणि बाल्कनमधल्या अकरा रात्री

सह्यवाट

गेल्या वर्षी याच विभागात मी विचारलं होतं, की बाल्कनमध्ये स्वतः गाडी चालवत फिरणं जमेल का. बऱ्याच जणांनी मनापासून उत्तरं दिली. सप्टेंबरात जाऊन आलो, म्हणून हा धागा काढते आहे. पुढे जाणाऱ्याला उपयोग व्हावा एवढाच हेतू.

मार्ग असा: दुब्रोव्हनिक (क्रोएशिया) २ रात्री, कोतोर (मॉन्टेनेग्रो) ३, झाब्ल्याक (मॉन्टेनेग्रो) २, सारायेव्हो (बॉस्निया) ३, मोस्तार (बॉस्निया) १, आणि त्रेबिन्येवरून परत दुब्रोव्हनिक. पहिल्या आराखड्यात अल्बानिया आणि उत्तर मॅसेडोनियाही होते. नवऱ्याने कागद घेऊन दोन्ही खोडले. "देश मोजायला जायचंय की बघायला?" असं म्हणाला आणि त्याचंच बरोबर होतं. तिथे अंतर किलोमीटरात धरून चालत नाही. झाब्ल्याक ते सारायेव्हो नकाशावर पावणेदोनशे किलोमीटरसुद्धा नाही, आम्हाला साडेसहा तास लागले. त्यातला एक मिनिटही वाया गेला असं वाटलं नाही.

नवरा मूळचा महाडचा, पेशाने स्थापत्य अभियंता, आणि त्याचं सगळं आयुष्य पुलांच्या कामात गेलेलं. त्यामुळे हा प्रवास आपोआप पुलांचा झाला. लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून निघालो होतो. गाडी निम्मी मी चालवली, निम्मी त्याने.

दुब्रोव्हनिकवर फार लिहीत नाही. तटबंदीवरून चालणं (जवळजवळ दोन किलोमीटर) सकाळी दार उघडल्या उघडल्या करा, नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही सोसत नाही. जुन्या गावात शिरताना वेशीशी एक नकाशा लावलेला आहे. हे देश ज्यातून निघाले तो युगोस्लाव्हिया फुटताना १९९१-९२ मध्ये शहराला वेढा पडला होता, त्यात कुठल्या छपरावर काय पडलं ते त्यावर घरागणिक दाखवलंय. तो बघून वर चढलात, की लालभडक नवी कौलं आणि फिकट जुनी कौलं वेगळी ओळखू येतात.

कोतोरचा उपसागर मात्र डोळे भरून बघण्यासारखा. डोंगर थेट पाण्यात उतरलेले आणि मधे पाणी तळ्यासारखं शांत. पेरास्तच्या समोर एक बेट आहे, ते माणसांनी केलेलं. दगड टाकून टाकून, जुनी गलबतं बुडवून भर घातली आणि त्यावर देऊळ बांधलं. अजूनही दरवर्षी २२ जुलैला गावकरी होड्या घेऊन जातात आणि तिथे दगड टाकतात. कोतोरहून न्येगुशीकडे चढणारा घाट पंचवीस वळणांचा आहे आणि रस्ता इतका अरुंद, की समोरून बस आली तर कुणीतरी मागे जायचं हे ठरलेलं. वरंध घाटात हात बसलेला असला तर घाबरायचं कारण नाही. फक्त तिथे गाड्या उजवीकडून चालतात, हे डोक्यात पक्कं हवं.

झाब्ल्याक १४५६ मीटरवर. सप्टेंबरातही रात्री दुलई लागली. तिथून जवळच तारा नदीवरचा जुर्जेविचा पूल. नदीपासून १७२ मीटर उंच, पाच कमानींचा, १९४० साली पुरा झालेला. युद्धात इटालियन सैन्य पुढे येऊ नये म्हणून १९४२ मध्ये त्याची एक कमान उडवून दिली. ज्याच्या हातून हे झालं तो लाझार याउकोविच, हा पूल बांधणाऱ्यांतलाच एक अभियंता. एकच कमान पाडली, म्हणून १९४६ मध्ये पूल पुन्हा उभा राहू शकला. तो स्वतः मात्र पकडला गेला आणि त्याला याच पुलावर मारलं. तिथे त्याचं स्मारक आहे. माझा नवरा त्यासमोर किती वेळ उभा होता मी सांगू शकत नाही. "आपण बांधलेलं आपणच पाडायचं, आणि तेही नेमकं पुन्हा बांधता येईल एवढंच," इतकंच बोलला. त्या दिवशी मग गाडी मीच चालवली.

सारायेव्हो आणि मोस्तारबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते, ते थोडक्यात उरकण्यासारखं नाही.

नवीचाकं

वाचतेय. आम्हीही मे महिन्यात जायचं म्हणतोय. व्हिसाचं कसं केलंत? प्रत्येक देशाचा वेगळा लागतो का? आणि गाडी सीमेपलीकडे न्यायला काय काय कागद लागतात? आपल्याकडचं लायसन्स चालतं का?

सह्यवाट

नवीचाकं, एकच शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) घेतला, क्रोएशियाचा. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे आणि चलनही युरो. मॉन्टेनेग्रो आणि बॉस्निया शेंगेनमध्ये नाहीत, पण वैध शेंगेन व्हिसावर भारतीय पासपोर्टला तीस दिवसांपर्यंत येऊ देतात. ग्यानबाची मेख इथेच आहे: एकदा क्रोएशियातून बाहेर पडलात की परत आत शिरताना दुसरा प्रवेश मोजला जातो. म्हणून व्हिसा अनेक प्रवेशांचाच मागा. एका प्रवेशाच्या व्हिसावर निघालेली माणसं दुब्रोव्हनिकच्या विमानापासून चाळीस किलोमीटरवर अडकून पडतात. नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी त्या त्या दूतावासाचं पान बघाच.

लायसन्स आपलं, सोबत आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना. तो वर्षभर चालतो.

आता गाडीचे कागद. इथे आम्हाला त्रास झाला म्हणून सविस्तर सांगते. सीमेपलीकडे विम्याचा पुरावा म्हणून 'ग्रीन कार्ड' लागतं. नाव हिरवं असलं तरी हल्ली साध्या पांढऱ्या कागदावर छापून देतात. त्यावर देशांच्या खुणांचे चौकोन असतात आणि जिथे विमा लागू नाही तो चौकोन खोडलेला असतो. गाडी घेताना आम्ही दोन्ही देश सांगितले होते, पैसेही भरले होते. कोतोरला दुसऱ्या रात्री सहज कागद उलगडून बसले, तर मॉन्टेनेग्रोचा चौकोन शाबूत आणि बॉस्नियाचा 'बीआयएच' आडव्या रेघेने खोडलेला. तसेच सीमेवर गेलो असतो तर तिथून परत पाठवलं असतं. रात्री ईमेल, सकाळी तीन फोन, दुपारी नवा कागद आला आणि जुन्या गावाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला. तेव्हा काउंटरवर उभं असतानाच प्रत्येक चौकोनावर बोट ठेवून वाचा. मागे रांग असली तरी वाचा.

म्युनिककर

सह्यवाट यांनी चांगलं लिहिलंय. माझी भर:

मॉन्टेनेग्रो आणि बॉस्नियात दिवसाही हेडलाइट लावून चालवायचं, तो कायदा आहे. समोरचा गाडीवाला दोनदा दिवे मिचकावतो म्हणजे पुढे पोलीस रडार घेऊन उभा आहे.

युरोपियन युनियनचं सिमकार्ड क्रोएशियाच्या बाहेर पाय टाकताच महागात पडतं. मोबाइल डेटा बंद ठेवा, नकाशे आधीच उतरवून घ्या.

मॉन्टेनेग्रो युनियनमध्ये नाही, तरी तिथे युरोच चालतो. बॉस्नियात कन्व्हर्टिबल मार्क, साधारण दोन मार्क म्हणजे एक युरो. सुटे मार्क जवळ ठेवा, पार्किंगला लागतात.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत सुरू झाली आहे. परतीच्या विमानाच्या दिवशी सीमा ओलांडायची वेळ आणू नका.

आणि एक फार महत्त्वाचं. बॉस्नियात डोंगरात पायवाट सोडून आत शिरू नका. युद्धातले सुरुंग अजून सगळे निघालेले नाहीत. लाल पाटीवर कवटी दिसली की तिथूनच मागे फिरायचं.

चिंचबन

फोटोंची वाट बघतेय. आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. निभाव लागेल का?

सह्यवाट

चिंचबन, लागेल, आणि चांगला लागेल. फक्त शब्द लक्षात ठेवा. बॉस्नियात 'बुरेक' म्हटलं की आत मांसच. त्याच पातळ पापुद्र्यांच्या गुंडाळीत चीज भरलं की 'सिर्नित्सा', पालक आणि चीज भरलं की 'झेल्यानित्सा', बटाटा भरला की 'क्रोम्पिरुशा'. एकत्र नाव 'पिता'. क्रोम्पिरुशात मिरपूड सढळ असते, आपल्या जिभेला लगेच पटते. चीजच्या सारणात मात्र बहुतेक ठिकाणी अंडं असतं, विचारून घ्या. झाब्ल्याकला 'काचामाक' खा: मक्याचं पीठ आणि बटाटा घोटून, वर चीज आणि साय. सकाळी 'प्रिगानित्से' मिळतात, दिसायला थेट आपले गुलगुले, मधाबरोबर देतात. राजम्यासारख्या घेवड्याच्या रश्शात, 'ग्राह'मध्ये, धुरावलेलं मांस असू शकतं, तेही विचारा. गोडात अक्रोड भरलेलं उकडलेलं सफरचंद, 'तुफाहिया'. तेवढं चुकवू नका.

आता सारायेव्हो.

झाब्ल्याकहून सेदलो खिंडीतून (१९०७ मीटर) प्लुझिनेला उतरलो. वाटेत पिवा नदीचं धरण आणि खडकात कोरलेल्या बोगद्यांची रांगच रांग. काही बोगद्यांत दिवाही नाही, एकातून बाहेर पडताच पुढचा. मग श्चेपान पोल्ये. मॉन्टेनेग्रोची चौकी संपते आणि समोर तारा नदीवर फळ्यांचा पूल, एका वेळी एकच गाडी. चाकाखाली फळ्या खडखड वाजतात. पलीकडे बॉस्नियाची चौकी. पुलाच्या थोडंसं खालीच तारा आणि पिवा मिळतात आणि तिथून नदीचं नाव द्रिना. नवरा उतरला आणि पूल पायी ओलांडून पलीकडे उभा राहिला, मी गाडी सावकाश आणली. चौकीवरच्या शिपायाने पासपोर्ट बघितले, "इंडिया? नेहरू, टिटो!" म्हणाला (टिटो म्हणजे जुन्या युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष) आणि शिक्का मारला. वयाने पन्नाशीचा असेल. फोचापर्यंतचा रस्ता दीड गाडीचा आणि खड्ड्यांचा, पण नदी पूर्ण वेळ सोबत.

सारायेव्होत टेकडीवरच्या एका घरात वरची खोली घेतली होती. घरमालकीणबाई सत्तरीच्या. पहिल्याच संध्याकाळी कॉफीला बोलावलं. ही कॉफी त्यांच्याकडे घाईत पीतच नाहीत. तांब्याचं लांब दांड्याचं भांडं, 'जेज्वा'. पाणी उकळलं की थोडं बाजूला काढायचं, भांड्यात बारीक दळलेली कॉफी टाकून वर पाणी ओतायचं, फेस वर आला की उतरवायचं, आणि बाजूला काढलेलं पाणी शेवटी वरून. मग चमच्याने फेस काढून आधी तो बिनकानाच्या छोट्या कपात घालायचा, त्यावर कॉफी. साखरेचा खडा कॉफीत बुडवून टोक चावायचं आणि घोट घ्यायचा. आमचा एक कप पाऊण तास चालला.

बाईंना इंग्रजी जेमतेम, त्यांची नात मधे बसून सांगत होती. साखरेला 'शेचेर', चहाला 'चाय', दुकानाला 'दुचान', साबणाला 'सापुन', बक्षिसाला 'बाक्शिश', दुश्मनाला 'दुश्मान'. हे तुर्कांबरोबर आलेले शब्द, त्यातले काही आपल्याकडेही फारसीतून आलेले, ते कळत होतं. पण मग घरातली नाती निघाली. नवऱ्याच्या भावाला 'जेवेर'. मी म्हटलं, आमच्याकडे दीर. सुनेला 'स्नाहा'. संस्कृतात स्नुषा, आपली सून तिथूनच आलेली. मधाला 'मेद'. आभाळाला 'नेबो', आपलं नभ. बाई एकेक वस्तू उचलून नाव सांगायच्या, मी माझं सांगायचे. जुळलं की टेबलावर हात आपटायच्या.

निघताना बघितलं, स्वयंपाकघरात ओट्याखाली पाण्याने भरलेल्या पाच लिटरच्या सहा बाटल्या. नळाला तर चोवीस तास पाणी. नातीने सांगितलं, आजी रोज रात्री पाणी बदलून ठेवते. युद्धात सारायेव्होला पडलेला वेढा ५ एप्रिल १९९२ ला सुरू झाला आणि २९ फेब्रुवारी १९९६ ला उठला, १४२५ दिवस. तेव्हा शहरातल्या बीअरच्या कारखान्यातल्या झऱ्यावर रांगा लागत, आणि डोंगरावरून त्या रांगांवर गोळे पडत. आजी तिथून पाणी आणायची, पोटाशी लहान मुलगी बांधून. ती मुलगी म्हणजे या नातीची आई.

पानशेत

सुंदर लिहिताय, पण मनात आलं ते विचारतो, राग मानू नका. लग्नाच्या विसाव्या वर्षी फिरायला जायचं आणि युद्ध, वेढे, गोळ्यांच्या खुणा बघायच्या, हे कशासाठी? समुद्र होता, डोंगर होते. आमच्या घरी मी हा मार्ग सुचवला तर बायको म्हणेल, मला तिथे रडायला नेऊ नकोस.

आजीचाबटवा

पानशेत यांच्याशी थोडी सहमत. लोकांच्या दुःखाच्या जागी कॅमेरा घेऊन जाणं मलाही पटत नाही.

म्युनिककर

माझ्याबरोबर काम करणारे तिघं बॉस्नियाचे. १९९२ नंतर तीन लाखांहून जास्त बॉस्नियन जर्मनीत आले, त्यातली ही मुलं. त्यांचं म्हणणं सांगतो: या, बघा, पैसे आमच्या गावात खर्च करा. फक्त कुणाला 'तुम्ही कुठल्या बाजूचे' असं विचारू नका. सांगायचं असेल तर ते आपणहून सांगतात.

सह्यवाट

पानशेत, राग कशाचा, प्रश्न रास्त आहे. आम्हीही जाण्याआधी यावर बोललो होतो.

मला विचाराल तर युद्ध टाळून सारायेव्हो बघताच येत नाही. रस्त्याने चालताना पायाखाली फुटपाथवर गोळ्याने पडलेला खड्डा असतो आणि त्यात लाल राळ ओतलेली असते, फुलाच्या आकाराची. त्यांना सारायेव्होची गुलाबं म्हणतात. शाळेची मुलं त्यावरून उड्या मारत जातात. १९९२ च्या ऑगस्टमध्ये ग्रंथालयासकट जळालेली वियेच्नित्सा, म्हणजे जुन्या नगरभवनाची इमारत, २०१४ ला पुन्हा उघडली, तिच्या पायऱ्यांवर आम्ही गेलो तेव्हा एक नवरा-नवरी फोटो काढून घेत होते. विमानतळाखालून खणलेला बोगदा आठशे मीटरचा होता, आता थोडासाच बघता येतो. वाकून चालावं लागतं. नवऱ्याने छताच्या लाकडी टेकूंवरून हात फिरवला. १९८४ च्या हिवाळी ऑलिम्पिकची घसरपट्टी त्रेबेविच डोंगरावर झाडीत पडून आहे, तिथे आता सारायेव्होची तरुण मुलं सायकल घेऊन येतात. वर जायची रोपवे २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली.

एक जागा मात्र आम्ही सोडली. स्रेब्रेनित्सा. जुलै १९९५ मध्ये तिथे आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले. तिथे अर्ध्या दिवसाची चक्कर टाकायची नाही असं दोघांनी ठरवलं. जायचं तर फक्त त्यासाठीच जायचं. आजीचाबटवा, तुमचं म्हणणं मला तिथे पटलं होतं.

आणि लग्नाच्या वाढदिवसाबद्दल. तो मोस्तारला होता.

मोस्तारचा पूल १५६६ मध्ये मिमार हैरुद्दीनने बांधला. एकच कमान, खाली नेरेत्वाचं हिरवं पाणी. दगडांना लोखंडी आकड्यांनी बांधून फटीत शिसं ओतलेलं. ९ नोव्हेंबर १९९३ ला तो तोफांनी पाडला. नदीतून जुने दगड वर काढले, पण ते पुन्हा वापरण्याजोगे राहिले नव्हते. म्हणून त्याच तेनेलिया दगडातून, त्याच पद्धतीने नवा घडवला. २३ जुलै २००४ ला खुला झाला. पुलावर चढताना पाय घसरू नये म्हणून दगडी आडव्या पट्ट्या आहेत, त्या पन्हाळीसारख्या गुळगुळीत झाल्यात. सपाट तळव्याची चप्पल घालून चढू नका.

महाडजवळचा सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, हे इथे सगळ्यांना आठवत असेल. नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे काठावर होता. बसेस गेल्या, गाड्या गेल्या, पाणी नुसतं तांबडं. त्याने त्याबद्दल घरी कधी धड सांगितलं नव्हतं. मोस्तारला रात्री पुलाच्या वरच्या अंगाला नदीकाठी बसलो होतो, तेव्हा सांगितलं. कोण भेटलं, काय दिसलं, एका बाईने त्याला काय विचारलं. नऊ वर्षांनी. ते मी इथे लिहिणार नाही. पण पानशेत, मला विसाव्या वर्षी तेवढं मिळालं, समुद्रकिनाऱ्यावर मिळालं असतं असं वाटत नाही.

पानशेत

धन्यवाद. बायकोला तुमचा हा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणते, सारायेव्होच्या तीन रात्री कमी करू नकोस.

नवीचाकं

मोस्तारला एकच रात्र पुरते का? आणि सारायेव्होहून जाताना कुठे थांबावं?

सह्यवाट

एक पुरते, पण मुक्काम हवाच. दिवसा सहलीच्या बसेस येतात, पाचनंतर गाव मोकळं होतं. पुलावरून उडी मारणारी मुलं पैसे पुरेसे जमल्यावरच उडी मारतात, खाली नेरेत्वा भर उन्हाळ्यातही बर्फगार असते. घाई करायला लावू नका.

वाटेत याब्लानित्साला सळईवर भाजलेलं कोकरू खायला सगळे थांबतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या भागात पूर आणि दरड येऊन माणसं गेली, डोंगर अजून उघडा पडलेला दिसतो. मोस्तारजवळ ब्लागायला कड्याखालच्या गुहेतून बुना नदी एकदम पूर्ण रुंदीची बाहेर येते, तिच्या तोंडाशी दर्वेशांचा जुना मठ. तिथे तासभर बसाच.

मांडवीकाठ

उशिरा वाचला धागा. दुब्रोव्हनिकच्या वेशीवर हातात शहराची प्रतिकृती धरलेल्या संताची मूर्ती बघितली असेल ना? तो स्वेती व्लाहो, म्हणजे सेंट ब्लेझ, त्या शहराचा रक्षणकर्ता. आमच्याकडे जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला त्याच संताचं चर्च आहे, साओ ब्रास. सोळाव्या शतकात दुब्रोव्हनिकचे, म्हणजे तेव्हाच्या रागुझा प्रजासत्ताकाचे व्यापारी आणि खलाशी गोव्यात येत, त्यांनी ते बांधलं असं सांगतात. क्रोएशियाचे लोक आजही ते शोधत येतात. व्लाहोचा दिवस दोन्हीकडे ३ फेब्रुवारी.

सह्यवाट

मांडवीकाठ, हे मला अजिबात माहीत नव्हतं! मूर्ती बघितली, फोटोही काढलाय. दर दिवाळीत जुन्या गोव्यावरून जातो आम्ही, एकदाही तिकडे वळलो नाही. कसं जायचं?

मांडवीकाठ

जुन्या गोव्याहून कुंभारजुव्याच्या रस्त्याला लागा, गवंडाळी पुलाच्या अलीकडे. लहान, पांढरं चर्च आहे, गावात कुणालाही विचारा. दार बंद असेल तर शेजारी विचारायचं, कुणीतरी उघडून देतं. दुब्रोव्हनिकच्या मूर्तीचा फोटो सोबत आणा, तिथल्या लोकांना बघायला आवडेल.

सह्यवाट

छापूनच आणते. ३ फेब्रुवारीच्या आसपास दोन दिवसांची रजा टाकायला नवऱ्याला सांगितलंय, आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो त्या पुलाचा.